लॅमिनेट केलेली शिडी

शिडीला दिलेला चेंडू परत येत नसे. तो एक तर बास्केटच्या कड्यातून खाली पडे, नाहीतर समोरच्या मुलीच्या नाकावर बसे. पण माझ्या या मैत्रिणीने तो माझ्याकडे परत दिल्याचं मला आठवत नाही. देवळीला शाळेमागच्या सिमेंटच्या मैदानावर आम्ही दोघी सहावीपासून बास्केटबॉल खेळलो. टप्पे देत, पोरींना चुकवत चेंडू पुढे नेणारी मी, आणि कड्याखाली हात वर करून उभी राहणारी ती. "रंजे, तू फक्त फेक. मी हाय नं इथं," असं ती ओरडायची. मी फेकायची. टाळ्या तिला मिळायच्या.

शिडी हे नाव गल्लीने ठेवलं. कुणाचा बल्ब गेला, कुणाच्या टाकीचं झाकण वाऱ्याने उडालं, की लोक शिडी शोधण्याऐवजी हिलाच हाक मारत. ती अभ्यास टाकून जाई. राग म्हणून नाही. "उंची का मी कमावली वं? फुकटची हाय, वापरू दे लोकायले," म्हणायची. आता फुकटची गोष्ट आपल्याला मिळाली, तर माणसाने ती जरा हळू आवाजात सांगावी. मी तिच्यासारखं उंच व्हावं म्हणून दाराच्या चौकटीला लोंबकळत होते. हाताला घट्टे पडले, उंची होती तेवढीच राहिली.

निवड करायला पुण्याचे एक सर आले होते. त्यांनी माझे पास पाहून "छान" म्हटलं आणि शिडीची उंची मोजली. दहावी झाल्यावर ती पुण्याच्या वसतिगृहात गेली, मी नर्सिंगला सावंगीला. पुढे ती राज्याकडून खेळली, मग देशाकडून. तिच्या मिरवणुकीत मीही नाचले. डोळे लाल का झाले असं आईने विचारलं, तर फटाक्यांचा धूर गेला असं मी सांगितलं.

त्यानंतर माझ्या मनाने एकच ध्यास घेतला. मला शिडीपेक्षा मोठं व्हायचं नव्हतं, तेवढी अक्कल होती. फक्त एकदा, एकदाच, तिला माझा हेवा वाटावा. मला दवाखान्यात कायमची नोकरी लागली, तेव्हा मी तिला मुद्दाम फोन केला. "काय सांगतं! आता मले सुई टोचाची भीती नाई," ती हसली. लग्न ठरलं, तर म्हणाली, "मस्त झालं बाप्पा!" आम्ही दोन मजली घर बांधलं. तेव्हा ती परदेशात सामन्याला गेली होती. मी पाठवलेले फोटो तिने तिथे सगळ्या संघाला दाखवले आणि बाथरूमच्या फरशीचंसुद्धा कौतुक केलं. ज्याला जळवायला जावं त्याने आपल्याच आनंदात पंगतीला येऊन बसावं, याहून मोठा छळ नाही.

त्यात भर घातली आमच्या ह्यांनी. ह्यांचं देवळीला कृषी केंद्र आहे. बी-बियाणं, खतं, फवारणीचे पंप. मुलींची लीग सुरू झाली आणि खेळाडूंची कार्डं छापली जाऊ लागली. पुढे फोटो, मागे उंची, गाव आणि गुण. मोजक्या कार्डांवर खेळाडूची खरीखुरी सही. ह्यांना त्याचा नाद लागला, आणि नाद तरी कुणाच्या कार्डांचा? शिडीच्या. कुठूनकुठून मागवायचे, अदलाबदल करायचे. एके दिवशी पाहते तर आमच्या लग्नाच्या अल्बमातले फोटो काढून त्या जागी शिडी बसवलेली. आमचे फोटो खताच्या कंपनीच्या पिशवीत. गिऱ्हाइकाला अल्बम दाखवून सांगायचे, "हे आमच्या मिसेसची मैत्रीण." मी एकदा एक कार्ड उलटून नीट वाचलं. तिचे गुण छापले होते. पास कुणी दिले ते कार्डावर छापत नाहीत.

ह्यांची आणि शिडीची भेट मात्र मी होऊ दिली नव्हती. लग्नाला ती शिबिरात अडकली होती. पुढे ती गावी आली की मी एकटीच तिच्या घरी जाऊन यायची. "भाऊजी कोठी हायेत?" असं तिने विचारलं की माझं उत्तर तयार असे, "दुकानावर."

मग ह्यांनी तो पराक्रम केला. पहिल्या हंगामाचं सहीचं कार्ड मोठ्या मुश्किलीने मिळालं होतं. ते जन्मभर टिकावं म्हणून तहसीलसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे नेऊन लॅमिनेट करून आणलं. आपल्याकडे जे जपायचं ते लॅमिनेट करायचं, मग ते आधार कार्ड असो की मार्कशीट. मशीनच्या गरम रुळांत सहीची शाई फरफटली आणि शिडीच्या गालावर मिशीसारखी पसरली. हे त्या दिवशी जेवले नाहीत. मी पोटभर जेवले.

गेल्या उन्हाळ्यात गुडघ्याने दगा दिला आणि शिडीने खेळ सोडला. विहाराच्या पटांगणात तिचा सत्कार ठरला. ह्यांनी सही नसलेलं एक कोरं कार्ड आणि ते बिघडलेलं, दोन्ही माझ्या पर्समध्ये ठेवली. "तू माग सही. मले लाज वाटते," म्हणाले आणि गेटपाशीच गाडीला टेकून उभे राहिले. ज्या पोरीला मी चेंडू पुरवले, तिच्यापुढे आता शाळकरी पोरींच्या रांगेत सहीसाठी उभं राहायचं! पण शिडी लंगडत स्टेजवर चढली, सगळ्यांना जयभीम घातला, आणि माझ्या मनात आलं, आता तरी. नोकरी सुटली नाही, घर आहे, लेक आहे, दोन्ही गुडघे शाबूत आहेत. आता तरी हिला माझ्याकडे पाहून काहीतरी वाटेल.

"रांगेत काऊन उभी हायस वं?" म्हणत तिनेच मला ओढून बाजूला घेतलं. मी कार्डं पुढे केली. लॅमिनेट केलेलं पाहून ती खो खो हसली. "हे कोणं केलं?"

"आमच्या ह्यांनी. टिकावं म्हणून."

तिचं हसू थांबलं. ते कार्ड तिने उलटसुलट करून पाहिलं. "माह्या घरी कोणी एक मॅच नाई पाह्यली, रंजे. बाबाची एसटीची ड्यूटी राहे, मायले तं चेंडूचाच राग. अन् तुह्या घरी हा माणूस माहा फोटो टिकवून राह्यला." मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तुहा हेवा वाटते मले."

हे वाक्य ऐकायला मी अर्धं आयुष्य वाट पाहिली होती. ऐकलं आणि गोड लागलं, खोटं कशाला बोलू? पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. एका हातात पुष्पगुच्छ, दुसऱ्यात ते कार्ड. मीच पदराने पुसलं.

"सही मी त्यायच्याच हातात देईन," ती म्हणाली. "भाऊजी कोठी हायेत?"

दुकानावर, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी गेटकडे तोंड केलं आणि ह्यांना हाक मारली. हे खुर्च्या ओलांडत, लोकांना ढकलत, एक चप्पल मागे टाकून पळत आले. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या हाकेला हा माणूस असा पळत कधी आलेला नाही.