एका कागदाची दोन पानं

मी माणसं काढत नाही. झाडं, बांध, नाले, कापसाची शेतं काढते. तीस वर्षं यजमानांनी मला स्कूटरवर बसवून जिल्हाभर फिरवलं, आणि मी चित्र काढत असताना दर दहा मिनिटांनी "झालं का?" विचारून माझं डोकं खाल्लं. कळंबजवळच्या एका नाल्यावर तर ते नेमके माझ्यासमोर पाठ करून बसले. सरका म्हटलं, सरकले नाहीत. मग मीही रागानं त्यांना चित्रात घेतलं. पांढरा सदरा, नखाएवढा. ते जाऊन आता दोन वर्षं झाली. माझ्या हातचे ते एवढेच, आणि त्यानंतर ते पान उघडायची माझी हिंमत झाली नव्हती.

ती चित्रांची वही यवतमाळच्या एका बाइंडरनं शिवलेली. तो कचेरीची रजिस्टरं बांधायचा, त्याच काळ्या कापडाचं कव्हर. वर सायकलच्या ट्यूबचा पट्टा, तो यजमानांनी कापलेला. आत जाड कागद मधोमध दुमडून दोऱ्यानं ओवलेले, म्हणजे एका कागदाची दोन पानं. घडीवरून एक कापलं की जोडीचं निसटलंच म्हणून समजा.

गेल्या हिवाळ्यात मी एसटीनं राळेगावकडे गेले. रस्त्यालगतच्या एका बंजारा तांड्यावरची चिंच मी पूर्वी काढली होती, तिच्याकडे पुन्हा एकदा जायचं होतं. पाहते तर चिंच नाही. रस्ता रुंद झालेला, तिच्या जागी डांबर. मी तिथंच उभी राहून रस्तेवाल्यांचा उद्धार करत होते, तेवढ्यात एक म्हातारी आली. सारा तांडा तिला याडी म्हणतो, म्हणजे आई. मागच्या खेपेला हिनंच मला पाणी दिलं होतं. मला नाही, वहीचा रबरी पट्टा तिनं ओळखला.

"बाई, चिंच हाय न यात? थे पान मले दे."

"फोटो नाही का कोणाजवळ?"

"फोटोत माणसंच हाय सारे. झाड मागं अर्धं. माहे चार लेकरं तिच्या खांदीले झोळीत निजले. थे खांदी कोनाच्याच फोटोत नाही."

माझ्या चित्रात ती फांदी होती. थेट घडीपर्यंत गेलेली, म्हणजे कापायचं तर घडीवरूनच. आणि त्याच कागदाच्या दुसऱ्या अर्ध्यावर यजमान होते. मी सरळ नाही म्हटलं. वर शहाणपणा केला, "घरून दुसरं आणते काढून. मोठं, रंगीत."

"पाह्यल्याबिगर काढशील? मंग मले कायले पायजे थे?"

एवढं बोलून ती चहा ठेवायला आत गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. मी ओट्यावर बसून राहिले आणि मला स्वतःची लाज वाटली. मला माझं माणूस ठेवायचं होतं, तिला तिचं झाड. तिच्याजवळ तर नखाएवढंही नव्हतं.

चहा होईस्तोवर पेन्सिल तासायच्या ब्लेडनं मी चिंच कापली. जोडीचं पान मांडीवर पडलं. याडीनं चहाची कपबशी खाली ठेवली आणि चिंच सोडून आधी तेच उचललं.

"हे कोन?"

"आमचे मालक."

"पाठ काहून केली?"

"वैतागले होते माझ्यावर."

"आता कुठी हायेत?"

मी नुसती मान हलवली. ती आतून गोधडी शिवायची सुई घेऊन आली, लाल दोरा दुहेरी ओवला आणि ते सुटं पान शेजारच्या पानाला शिवायला बसली. ती जाड सुई कागदात घुसली तशी मी ओरडले.

"याडी, कागद आहे तो, गोधडी नाही!"

"निंघाला नाही पायजे," ती म्हणाली आणि दातानं दोरा तोडला.

टाके बेढब आहेत. बाइंडरनं पाहिले तर कपाळ बडवून घेईल. त्या जागी वही फुगली आहे, त्यामुळे पट्टा काढला की दर वेळी ती आपोआप त्याच पानावर उघडते. मी कोरं पान शोधायला जाते आणि आधी तो पांढरा सदरा समोर येतो. पहिले काही दिवस रडू यायचं. आता मी त्या पाठीला मोठ्यानं सांगते, "नाही झालं अजून. बसा जरा."