देवघर तेवढं असू दे

"नारळ आत नेता येणार नाही, माशीमा," असं कारखान्याचा बंगाली सुपरवायझर हात जोडून, मला मावशी करून म्हणाला, तिथूनच माझं डोकं फिरायला सुरुवात झाली.

हावड्याच्या पलीकडे एका कारखान्याच्या आवारात माझ्या मुलाचं घर उभं होतं. उभं म्हणजे तात्पुरतं. भिंती, छप्पर, दारं, सगळं इथे जुळवून बघायचं, नीट बसलं की परत सुटं करायचं, कंटेनरमध्ये भरायचं आणि बोटीने न्यूझीलंडला धाडायचं. मुलगा तिकडे नोकरीला. तिकडे घर बांधणं परवडत नाही म्हणून तयार घर इथून न्यायचं, ही अक्कल त्याची. "आई, पॅक करायच्या आधी तू एकदा जाऊन बघून ये," म्हणाला. म्हणून मी आणि हे कोलकात्यातल्या सॉल्ट लेकहून टॅक्सी करून गेलो होतो. नवं घर पहिल्यांदा बघायचं, तर रिकाम्या हाताने कशी जाऊ? पिशवीत नारळ होता, हळदकुंकू होतं, फुलं होती.

आणि हा बाबा म्हणतो, नाही. तिकडच्या बंदरात तपासणी फार कडक. मातीचा कण, पान, बी, काहीही सापडलं तर सगळा माल अडवून ठेवतात. म्हणून घर आतून-बाहेरून धुऊन पुसून ठेवलंय.

"मग उंबऱ्याला कुंकवाचं बोटसुद्धा लावायचं नाही?"

"उंबरा नाहीच आहे, माशीमा."

"अहो, हे घर आहे की ऑपरेशन थिएटर?" मी ह्यांना म्हटलं. हे म्हणाले, "जाऊ दे ना." ह्यांचं सगळं आयुष्य 'जाऊ दे'मध्ये गेलंय. बदली कोलकात्याला झाली, जाऊ दे. पुण्यात फ्लॅट घेऊ घेऊ म्हणता घ्यायचा राहिला, जाऊ दे. मुलगा इथल्या शाळेत बंगाली होऊन गेला, जाऊ दे!

आता ह्यांची रिटायरमेंट तोंडावर आली होती. सरकारी क्वार्टर सोडायचं होतं आणि जायचं कुठे, तर ह्या घरात. मुलाने घराचं ठरवलं तेव्हा फोनवर म्हणाला होता, "आई, बाबा, आता इकडेच या." मी लगेच आवराआवरीला लागले होते. सोफा खालच्या मजल्यावर दिला, जास्तीची भांडी कामवालीला दिली. इथल्या मराठी बायकांच्या हळदीकुंकवात जिला तिला सांगत सुटले होते की आम्ही मुलाकडे चाललो, कायमचे.

पिशवी दारात ठेवून आत शिरले. उंबरा नसला तरी उजवा पाय आधी टाकलाच. स्वयंपाकघर छान होतं, खोटं कशाला बोलू. ओटा लांबलचक, सिंक खोल. मुलाची आणि सुनेची खोली ऐसपैस. नातीची खोली लहानशी, पण खिडकी मोठी. मग सुपरवायझरने तिसरं दार उघडलं. दारावर ॐ कोरलेला.

"आणि ही तुमची," तो कौतुकाने म्हणाला. "ठाकुरघर."

आत पांढऱ्या टाइल्स. समोरच्या भिंतीला लागून संगमरवरी चौथरा, तीन पायऱ्यांचा. वर धूप जायला पंखा. खिडकी नाही. खाट सोडा, चौथऱ्यापुढे सतरंजी अंथरायची म्हटली तरी दुमडून अंथरावी लागेल. मी मागे वळून विचारलं, "आणि आमची खोली कुठेय?"

तो गोंधळला. ह्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "इतक्याच खोल्या आहेत, माशीमा. तुमच्या मुलाने सांगितलं, आईला ठाकुरघर पाहिजे."

तेव्हा माझी ट्यूब पेटली, आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

मागे एकदा ह्या मुलाने फोनवर विचारलं होतं, "आई, नवीन घरात तुला काय पाहिजे?" मी म्हटलं होतं, "मला काय रे, काही नको. माझं देवघर तेवढं असू दे, की झालं." देवघर! माझं देवघर म्हणजे फ्रिजशेजारच्या फळीवरची सागवानी पेटी, जुन्या रेडिओएवढी. आत बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि एक घंटा. तेवढ्याला कुठेतरी कोपरा ठेव, इतकंच म्हणत होते मी. पण हा वाढला इथे. मित्रांच्या घरी ठाकुरघर म्हणजे गच्चीवरची आख्खी खोली असते. 'देवघर'चं त्याच्या डोक्यात झालं ठाकुरघर, आणि आमच्या खोलीत येऊन बसले देव!

बरं, हे एक वेळ समजू शकते. पण 'काही नको'? ते समजायला काय डिक्शनरी लागते? आपल्या आया 'मला काही नको' म्हणतात तेव्हा कुणी खरंच काही देत नाही का? माझी सासू साडीला नको नको म्हणायची आणि मी दुकानात तिचा हात धरून तिला काठ दाखवायचे. तिने 'नको' म्हणायचं, मी 'घ्याच' म्हणायचं, हीच रीत. ह्याने मात्र माझं 'नको' जसंच्या तसं उचललं, कारखान्याला सांगितलं आणि मोकळा झाला. आणि देवघर तरी कसलं? जिथे नारळ न्यायचा नाही, फूल न्यायचं नाही, हळदीचं बोट लावायचं नाही!

मी तिथल्या तिथे फोन लावला, स्पीकरवर. तिकडे संध्याकाळ झाली होती.

"आई! घर कशी वाटली?"

"आम्ही झोपायचं कुठे?"

"म्हणजे?"

"म्हणजे रात्री. तुझे बाबा आणि मी. त्या चौथऱ्यावर? बाळकृष्णाला सरक म्हणू?"

"पण आई, तूच बोलला ना, बाकी काही नको..." आणि मग जरा थांबून, "मला वाटला, तुम्ही येऊन-जाऊन राहणार. उन्हाळ्यात वगैरे. हॉलमध्ये सोफा-कम-बेड आहे ना."

सोफा-कम-बेड. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे टाइल्स बघत होते, जशा काही त्या ह्यांना घरी न्यायच्या होत्या. ह्यांच्या ओठांवर 'जाऊ दे' आलेलं मला दिसलं. "खबरदार!" मी म्हटलं.

मग फोनवर म्हटलं, "माझे देव फळीवर मावतात रे. मी नाही मावत."

मग त्याने सुपरवायझरला हाक मारली आणि बंगालीत भराभर बोलायला लागला. मराठीत अडखळतो, पण बंगालीत कसा धो धो वाहतो. म्हणाला, दादा, आता राहू दे, पॅक करून टाका, मी नंतर समजावतो. आईबाबा काही इथे राहायला येत नाहीयेत.

मेल्या, आई ह्याच गावात मासळीवाल्याशी भांडत म्हातारी झाली! तिला बंगाली कळत नाही असं वाटलं तुला?

माझा आवाज चढला. कारखान्यातली ठोकाठोक थांबली इतका चढला. आणि मराठी सोडली मी. त्याला जी नीट कळते त्या भाषेत म्हटलं, "थाकबो. आमरा थाकबो. आमार घर चाई." राहणार. आम्ही राहणार. मला खोली पाहिजे. मला काहीतरी पाहिजे, असं माझ्या मुलाला मी जन्मात पहिल्यांदा सांगत होते, आणि तेही परक्या भाषेत. मराठीत माझ्या तोंडून ते आलंच नसतं. हे मला तेव्हा कळलं आणि आणखीच संताप आला, कुणावर ते आता सांगता येणार नाही.

मग फोनमधून हळूच, बंगालीतच, "दादा, तो चौथरा काढा, खाट मावेल एवढी खोली करा. आई म्हणते तसं करा."

सुपरवायझरने खिशातून निळा मार्कर काढला. भिंतीशी जाऊन उभा राहिला. "खिडकी कुठल्या बाजूला, माशीमा?"

मी बोट दाखवलं. त्याने पांढऱ्या टाइल्सवर भलामोठा चौकोन काढला, आणि हे पुढे होऊन म्हणाले, "आणखी जरा मोठी." तेवढं तरी बोलले.

फोन अजून चालूच होता.

"आई," तो म्हणाला, "तू रागावला?"

"रागावला नव्हे, रागावलीस म्हणतात," मी म्हटलं. "आणि हो. रागावलेय."