रडायची रीत

"ताई, सोनकी गेली." फोनवर एवढंच ऐकू आलं आणि मी विचारलं, "कोण सोनकी?" पलीकडचा माणूस म्हणाला, "आमची सुनंदा. मी तिचा भाऊ बोलून राह्यलो." सकाळी आंघोळीला गेली ती मोरीतच पडली, मेंदूत रक्तस्राव झाला, यवतमाळच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलेलं होतं. महिना उलटून गेला त्याला. मी अजून घरात एका जागी टिकत नाही. भाजी चिरता चिरता उठते, दारापर्यंत जाते, कशाला आले ते आठवत नाही, परत फिरते. ज्या बाईला मी आयुष्यभर सुनंदा म्हणत आले, तिच्या माणसांसाठी ती शेवटपर्यंत सोनकीच होती, हेही तेव्हाच कळलं. आश्रमशाळेत नाव घालताना मास्तर म्हणाले होते, सोनकी हे काय नाव झालं? आणि त्यांनीच सुनंदा लिहून टाकलं. हे तिनं मला एकदा हसत सांगितलं होतं, पण फोनवर ते नाव ऐकून आठवलं नाही. हसणं खरं नव्हतं.

आमची ओळख यवतमाळच्या होस्टेलवरची. मी बाभुळगावची, ती महागावकडच्या एका बंजारा तांड्यावरची. खोली एकच. ती कधी निवांत बसलेली मी पाहिली नाही. वाचायचीसुद्धा फेऱ्या मारत. मराठी बोलायची अगदी पुस्तकातलं. कंडक्टरशीही "कृपया" म्हणायची आणि तो बिचारा दचकायचा. तांड्यावरची बोली तिनं जिभेवरून खरवडून काढली होती. मग एक दिवस तिची आई आली. आईला त्यांच्यात याडी म्हणतात. आरशांची कांचळी म्हणजे चोळी, फेटिया म्हणजे घेरदार घागरा, कोपरापासून वर चढवलेल्या पांढऱ्या बांगड्या. एसटीनं दिवसभर प्रवास करून आलेली याडी व्हरांड्यातच लेकीच्या गळ्यात पडली आणि गात गात रडायला लागली. बऱ्याच दिवसांनी माणूस भेटलं की असं रडायची त्यांची रीत. तू लहान होतीस, तुझा बाप कसा होता, तुझ्यावाचून घर कसं झालं, सगळं त्या सुरात. खोल्याखोल्यांतून मुली बाहेर आल्या. कुणीतरी फिसकन हसलं. सुनंदा खांबासारखी ताठ उभी. दोन्ही हात खाली. याडीचा सूर एकट्यानंच चढला आणि एकट्यानंच खाली आला. डोळे पुसून तिनं मला विचारलं, "इथं रडाले मनाई हाय काय वं पोरी?" ती गेल्यावर सुनंदा एवढंच म्हणाली, "मी सांगितलंय तिला, परत येऊ नकोस." याडी खरंच पुन्हा आली नाही.

मला त्यात वावगं वाटलं नाही, कारण मीही कोरड्याच घरातली. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा माझे वडील शाळकरी होते. देव्हारा गेला, उपासतापास गेले आणि मोठ्यानं रडणंही गेलं. आजी वारली तेव्हा आत्यानं हंबरडा फोडला, तर वडील तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "लई पिढ्या रडलो आपण, बाई. लोकायच्या दारात रडलो. आता ताठ राह्याचं." त्या एका वाक्यावर आम्ही भावंडं शिकलो, नोकऱ्यांना लागलो. ते खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण वडिलांनी अभिमानानं बंद केलेला दरवाजा आणि सुनंदानं लाजेनं बंद केलेला दरवाजा आतून सारखाच दिसत असेल का, हा प्रश्न हल्ली मला बसू देत नाही.

पुढं कापसाची ती वाईट वर्षं आली. बोंडअळी आली, तिच्यामागं फवारणी आली, आणि फवारता फवारता माणसं विषबाधेनं पडायला लागली. सुनंदा तेव्हा समुपदेशक म्हणून राळेगावकडची गावं फिरत होती. परतीच्या वाटेवर माझ्याकडं बाभुळगावला उतरायची, चहा उभ्यानंच प्यायची. "मी ठरलेले प्रश्न विचारते, पुष्पा. झोप लागते का? लागते. जेवता का? जेवतो. मग मी उठते. त्या बायका मला निरोप देतात, जणू पाहुणी आले होते."

एका रविवारी मी तिच्यासोबत गेले. घर वंदनाचं. नवरा फवारणी करून आला, रात्रभर उलट्या, डोळ्यांना दिसेनासं झालं, चौथ्या दिवशी गेला. वंदना चोविशीची, पदरात तान्ही मुलगी. सासू आम्हाला दारातच गाठून म्हणाली, "बोलून नाई राह्यली, रडून नाई राह्यली. पोरीले पाजूनही नाई राह्यली. म्या औषधाचे डबे, दोर, सारं लपोलं मॅडम... पर कुठवर पहारा देऊ?" वंदना भिंतीला टेकून बसलेली. सुनंदानं प्रश्न विचारले. वंदना तिच्याकडं पाहत होती आणि पाहत नव्हतीही. शेवटी सुनंदा उठली, चपला घातल्या, उंबऱ्यापर्यंत गेली... आणि तिथंच थांबली. चपला काढून परत आली, खाली बसली, वंदनाच्या गळ्यात हात टाकला आणि तिच्या तोंडातून तो सूर निघाला.

आधी फाटका, घोगरा. शब्द गोरबोलीतले, तिच्या तांड्यावरच्या बोलीतले, त्या घरातल्या कुणाला एकही कळला नसेल. वंदनानं तिला ढकललं. सुनंदानं हात सोडले नाहीत. शेजारच्या बाया दारात जमल्या. सूर चढत गेला, तुटला, पुन्हा लागला, आणि कधीतरी वंदनानं तिचा पदर मुठीत धरला. मग जो आवाज आला तो तिचाच होता हे सासूलाही क्षणभर कळलं नाही. दोघी कितीतरी वेळ एकमेकींना धरून होत्या. मी उठून गोठ्यामागं गेले. माझे डोळे कोरडेच. आत आले तेव्हा सासूनं पोर वंदनाच्या मांडीवर ठेवली होती आणि ती पीत होती.

बस येईपर्यंत सुनंदा फेऱ्या मारत होती. चिडलेली होती. "काय केलं हे मी? हे कुठं शिकवलंय मला?" वरिष्ठांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनीही तेच विचारलं: हे काय समुपदेशन आहे? ती भांडली, आणि पुढच्या घरांतही तशीच गळ्यात पडून रडली. सगळीकडं जमलंही नाही. एका घरी म्हाताऱ्यानं हात धरून बाहेर काढलं, "आमच्या दारात तमाशा नोको." आणि एका गावात जी बाई तिच्या गळ्यात पडून रडली, तिनंच पुढच्या महिन्यात विहीर जवळ केली. त्यानंतर सुनंदा कित्येक दिवस माझ्याकडं फिरकली नाही. आली तेव्हा म्हणाली, "रडल्यानं माणूस वाचतं असं मी कधी म्हटलं का? म्हटलं असेल तर सांग मला."

त्याच सुमारास ती तांड्यावर गेली. याडी खूप थकली होती, ऐकू कमी यायचं. सुनंदा म्हणाली, मला ते सगळं शिकव, मला चारच ओळी येतात. म्हातारी म्हणाली, आता कशाला, तेव्हा तर लाज वाटत होती. आणि मग म्हणाली, हे शिकवता येत नाही; ज्याच्यासाठी रडायचं तो समोर पाहिजे. हे सांगताना सुनंदा पहिल्यांदाच माझ्या स्वयंपाकघरात खाली बसली होती. मी विचारलं, "मग?" ती म्हणाली, "मग काय... ती समोरच होती ना." त्याच थंडीत याडी वारली.

सुनंदा गेली त्याच आठवड्यात तिच्या भावासोबत यवतमाळची तिची खोली आवरायला गेले. सामान थोडंच. आम्ही भांडी पोत्यात भरत असताना जिन्यावरून एक बाई आली, धापा टाकत. "म्याडम हायेत काय?" तिला कुणी कळवलेलं नव्हतं. मी सांगितलं. ती कठडा धरून उभी राहिली, मग आत येऊन सवयीनं दारामागची चटई काढून अंथरली, बसली, डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाली, "दर रविवारी येतो आमी बाया, इथंच बसून बोलतो. तुमी कोन तिच्या?" मी म्हटलं, मैत्रीण. ती सरकली, चटईवर जागा केली. "मंग बोला नं तुमी. मले घाई नाई."

खोली अजून सोडलेली नाही. रविवारी मी जाते, दार उघडते, चटई टाकते. मला ती रीत येत नाही, प्रश्नही येत नाहीत. जिन्याकडं कान लावून बसते... बसवत नाही, उठते, खिडकीपर्यंत जाते, परत येऊन बसते.