सुनेत्राची थ्री नॉट थ्री

टेक्सासमधल्या फ्रिस्कोच्या मराठी मंडळींत श्रीरंग खानझोडे हे नाव निघालं, की कुणीतरी हमखास विचारतं, "रायफलवाले ना ते?" त्यांच्या गॅरेजमधल्या लोखंडी कपाटात जर्मन आहे, रशियन आहे, स्विस आहे. सगळ्या जुन्या, कुठल्या ना कुठल्या सैन्याने वापरून मोडीत काढलेल्या, दर वेळी गोळी भरायला हाताने बोल्ट ओढावा लागणाऱ्या. घरी पाहुणे आले की जेवण व्हायच्या आधीच श्रीरंग त्यांना गॅरेजमध्ये नेतात. या घरात पहिली रायफल आली ती त्यांच्या बायकोची, हे मात्र आता फारसं कुणाला ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक होतं तेही विसरत चालले आहेत.

सुनेत्रा नागपूरची. कॉलेजात एनसीसीत होती. कामठीच्या कॅम्पात तिने पहिल्यांदा बंदूक खांद्याला लावली, आणि गोळ्या अशा एकात एक बसल्या की शिकवणारे हवालदार टार्गेटचा कागद घेऊन ऑफिसरकडे गेले. पुढे एकदा थ्री नॉट थ्री, सैन्याची जड रायफल, चालवायला मिळाली. बाकीच्या मुली धक्क्याने कळवळून उठल्या. ही म्हणाली, "सर, अजून एक क्लिप मिळेल का?" दिल्लीच्या स्पर्धेसाठी तिचं नाव निघालं होतं. नेमका तेव्हाच अमेरिकेतला मुलगा महिनाभराच्या सुट्टीवर आला होता आणि त्याला मुलगी बघायची होती. वडील म्हणाले, "बंदुका काय, लग्न झाल्यावरही चालवता येतील." दिल्लीला दुसरीच मुलगी गेली.

मग पुढची वर्षं गेली तशी गेली. आधी न्यू जर्सी, मग टेक्सास. मुलगा कुश झाला, वाढला, नोकरीसाठी सिॲटलला गेला. सुनेत्रा एका डेंटिस्टच्या ऑफिसात इन्शुरन्सची कामं बघू लागली. तिथल्या रिसेप्शनिस्टचे वडील लॉइड हे जुन्या लष्करी रायफलींची खरेदी-विक्री करायचे. एका रविवारी गावाबाहेरच्या हॉलमध्ये, बंदुकांच्या बाजारात, त्यांचं टेबल लागलं होतं. रिसेप्शनिस्टला सोबत म्हणून सुनेत्रा गेली, काहीही घ्यायचा विचार नसताना.

टेबलाच्या टोकाला एक रायफल पडली होती. काळपट ग्रीसने इतकी माखलेली, की हात लावला तर बोटं चिकटावीत. लॉइड म्हणाले, "ही तुमच्या देशातली आहे. ईशापूरच्या कारखान्यातली थ्री नॉट थ्री."

सुनेत्राने ती उचलली. बोल्ट वर, मागे, पुढे, खाली. पस्तीस वर्षांत हाताला विचारलं नव्हतं, पण हात काही विसरला नव्हता. लॉइड तिच्याकडे बघत राहिले. म्हणाले, "तुम्ही हे आधी केलंय."

"हो," ती म्हणाली, "फार पूर्वी."

रीतसर चौकशी होऊन रायफल घरी आली तेव्हा श्रीरंग सोफ्यावर टीव्ही बघत होते. खोका उघडल्यावर त्यांनी टीव्ही बंद केला.

"हे काय? घरात बंदूक? आपण काय इथले गावठी रेडनेक आहोत का?"

"अहो, जुनी आहे. मी कॉलेजात चालवायची तशी."

"कॉलेजात तू कथ्थकही करायचीस. लोकांना कळलं तर काय म्हणतील? आणि तो वास आधी बाहेर ने."

तिने वाद घातला नाही. सगळं लाकूड सुटं करून काळ्या पिशवीत बांधून टेक्सासच्या उन्हात ठेवलं. ग्रीस घाम फुटल्यासारखं बाहेर आलं. जुन्या सुती ओढण्या फाडून तिने ते पुसून काढलं, मग जवसाचं तेल हाताने चोळलं, रोज संध्याकाळी थोडं थोडं. तेव्हा खांद्याला लावायच्या दस्त्यावर एका बाजूला कुणीतरी खिळ्याने कोरलेली दोन अक्षरं निघाली, 'बा. शिं.' कोण असेल कोण जाणे. बापू शिंदे, बाळा शिंगाडे. त्यावरून बोट फिरवायची तिला सवय लागली.

लॉइडच्या क्लबची रेंज, म्हणजे नेमबाजीचं मैदान, शर्मन गावाकडे जाताना लागते. तिथे महिन्यातून एकदा फक्त जुन्या लष्करी रायफलींची मॅच असते. नियम एकच कडक: सैनिकाच्या हातात होती तशीच रायफल पाहिजे, दुर्बीण नाही, बदल नाही. पहिल्या मॅचला सुनेत्राचा नंबर मधेच कुठेतरी लागला. पुढच्या वर्षी उन्हाळ्यात तिने सगळ्यांना मागे टाकलं. बक्षीस म्हणून कॉफीचा मग मिळाला. घरी येताना रिकाम्या रस्त्यावर ती मोठ्याने गाणं म्हणत होती आणि ते तिचं तिलाच उशिरा कळलं. कुशला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "आई, दॅट्स इनसेन. आय मीन, गुड इनसेन." श्रीरंग म्हणाले, "जेवायचं काय केलंयस?"

क्लबने तिचा फोटो फेसबुकवर टाकला. तिची मैत्रीण मीनाक्षी हिने तो पुढे पाठवला आणि दिवाळीच्या पार्टीत पुरुषांचा घोळका जमला. सुनेत्राभोवती नाही, श्रीरंगभोवती. "यार, तुमच्याकडे रायफल आहे, बोलला नाहीत कधी." "कुठली आहे? रेंज किती?" श्रीरंगना एकाही प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं. पण इतक्या लोकांनी एकदम इतक्या उत्सुकतेने त्यांना काही विचारलं, असंही कित्येक वर्षांत झालं नव्हतं. ऑफिसात त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान मॅनेजर आला होता. गाडीत बसल्यावर ते म्हणाले, "पुढच्या वेळी मीपण येतो. बघू तरी काय असतं."

सुनेत्राला तेव्हा बरं वाटलं होतं. संसारात कधी नव्हे ते आपलं काहीतरी यांना आवडतंय, असं तिला वाटलं.

श्रीरंग वाचून शिकणारा माणूस. दोन महिन्यांत त्यांना कुठल्या कारखान्याचा कुठला शिक्का, कुठल्या वर्षी कुठला स्क्रू बदलला, सगळं तोंडपाठ झालं. मग जर्मन रायफल आली, मग रशियन, मग कपाट आलं. नेम त्यांचा बेताचाच होता आणि बेताचाच राहिला, पण बोलण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. ते सुनेत्राच्या मागे उभे राहून सांगायचे, "कोपर आत घे. श्वास बघ." ती चाप ओढेपर्यंत तिचा श्वास मोडलेला असायचा. हळूहळू महाराष्ट्र मंडळातले चारपाच पुरुष यायला लागले. त्यांना शिकवायला श्रीरंग, आणि त्यांच्यासाठी पहाटे उठून पोहे करून डब्यात भरायला सुनेत्रा. एका टेबलावर दोघांना जागा नसली की ती म्हणायची, "तुम्ही करा, मी नंतर करते." नंतर बहुतेक वेळा रेंज बंद व्हायची.

गणपतीत मंडळाने श्रीरंगचं व्याख्यान ठेवलं. स्लाइड्स होत्या, त्यांत पहिला फोटो ईशापूरच्या रायफलीचा. "ही आम्ही सर्वांत आधी घेतली," ते म्हणाले. "भारताचा इतिहास आपण जपला पाहिजे, या भावनेने." टाळ्या झाल्या. शेवटी एका मुलीने विचारलं, "सुनेत्रा काकूपण शूट करतात ना?"

"करते ना," श्रीरंग हसून म्हणाले. "मी शिकवलं तिला. आता बरी करते."

सुनेत्रा मागच्या रांगेत प्रसादाचे द्रोण मांडत होती. शेजारी मीनाक्षी उभी होती. तिने सुनेत्राकडे पाहिलं, मग पटकन द्रोणांकडे.  घरी येताना सुनेत्राने विषय काढला नाही. काढला असता तर काय झालं असतं ते तिला माहीत होतं: "बोलण्याच्या ओघात गेलं. एवढं काय त्यात."

हिवाळ्यात तिच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं. सुनेत्रा नागपूरला गेली ती आई काठी घेऊन चालायला लागेपर्यंत राहिली. परत आली तेव्हा श्रीरंग एअरपोर्टवर फुलं घेऊन उभे होते. असं त्यांनी लग्नाच्या वर्षीही केलं नव्हतं. घरी पोचल्यावर तिला थेट गॅरेजमध्ये नेलं.

"डोळे मीट. आता उघड."

टेबलावर एक रायफल होती. आखूड, चकचकीत, पिवळट व्हार्निश मारलेली. पुढचं निम्मं लाकूड कापून टाकलेलं. नळी कापलेली, नेम धरायची पुढची माशी गेलेली. वरच्या लोखंडाला भोकं पाडून मोठी दुर्बीण बसवलेली. दस्त्याच्या टोकाला लाल रबर. सुनेत्राने ती ओळखली ती बोल्टच्या मुठीवरून.

"तुझा खांदा दुखायचा ना," श्रीरंग म्हणाले. "वजन किती कमी झालंय बघ. चांगल्या माणसाकडून करून घेतलंय. सरप्राइज."

तिने दस्ता उलटा केला. ती बाजू घासून गुळगुळीत केलेली होती. अक्षरं नव्हती.

"कापलेलं लाकूड कुठंय?"

"कशाला? टाकून दिलं त्याने. अगं, आवडलं नाही का?"

सगळ्यांत वाईट म्हणजे त्यांचा चेहरा खरोखर उजळलेला होता. त्यांना खरंच वाटत होतं की आपण बायकोसाठी काहीतरी केलं. यात वाईट हेतू असता तर ती भांडली असती. ती म्हणाली, "प्रवासाने डोकं दुखतंय. झोपते जरा."

पुढच्या मॅचला श्रीरंगनीच ती गाडीत ठेवली. लॉइड तपासणीच्या टेबलावर होते. त्यांनी रायफलीची पेटी उघडली. मग बोल्ट काढून नळीतून उजेडाकडे पाहिलं, परत घातला.

"मॅडम, ही मला घेता येणार नाही. नियम तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे."

"हे कुणी केलं?"

सुनेत्राने तोंड उघडलं. पण तिच्या आधी श्रीरंग बोलले. "तिलाच हलकी हवी होती. बायकांना ते वजन झेपत नाही ना."

लॉइडनी तिच्याकडे पाहिलं. आता तिने "नाही" म्हणायचं होतं, दोन अक्षरं. मागे मंडळातले पुरुष उभे होते, हातात पोह्यांच्या प्लेटा. पस्तीस वर्षांच्या सवयीने तिने मान खाली घातली, आणि तिने मान डोलावली असंच सगळ्यांना वाटलं. श्रीरंग म्हणाले, "माझी जर्मन घे आज." तिने घेतली नाही. दिवसभर ती गाडीत बसून राहिली आणि लांबून येणाऱ्या आवाजांवरून कुठली रायफल कुणाची ते तिला कळत राहिलं.

घरी आल्यावर तिने विचारलं, "मी कधी म्हटलं हलकी पाहिजे?"

"अगं, लोकांसमोर काय सांगायचं होतं मी? मला नियम आठवला नाही, असं? सोड ना आता. तशी दुसरी घेऊ."

"दुसरी तुमची होईल."

"म्हणजे काय?"

तिने सांगायचा प्रयत्न केला. कामठी, दिल्ली, व्याख्यान, द्रोण. बोलता बोलता तिलाच ते क्षुल्लक, कुरकुर केल्यासारखं वाटायला लागलं. श्रीरंगनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू जेट लॅगमधून अजून बाहेर आली नाहीस."

एका आठवड्याने तिने रायफल लॉइडकडे नेऊन दिली. त्यांनी सरळ सांगितलं, "ही परत पूर्वीसारखी होत नाही. बोल्ट आणि आतले सुटे भाग चांगले आहेत, दुसऱ्या एखादीला उपयोगी पडतील." ती म्हणाली, "मग काढा." थांबून बघायची तिची तयारी नव्हती. मॅच असते त्या शनिवारी डेंटिस्टकडे काम असतंच, ते तिने मागून घेतलं. श्रीरंग लोकांना सांगू लागले, "तिचा इंटरेस्ट गेला. तसंही बायकांचं असंच."

यंदा ते क्लबचे उपाध्यक्ष झाले. वार्षिक जेवणाला बायकांनाही बोलावणं होतं. सुनेत्रा नको म्हणत होती, पण एकट्याने गेलं तर बरं दिसत नाही, म्हणून गेली. समोर एका नव्या मेंबरची बायको बसली होती, तरुण, गप्पिष्ट. तिने सहज विचारलं, "यू शूट टू?"

श्रीरंग टेबलाच्या त्या टोकावरून म्हणाले, "शी ट्राइड इट फॉर अ व्हाइल."

सुनेत्राने काटा खाली ठेवला. आवाज न चढवता, स्पष्ट इंग्रजीत ती म्हणाली, "आय वॉज बेटर दॅन हिम. आय वॉज बेटर दॅन ऑल ऑफ देम."

 मग कुणीतरी हसलं, आणि सगळेच हसले. श्रीरंग सगळ्यांत मोठ्याने हसले, टेबलावर हात आपटून. एकटे लॉइड आपल्या ताटात बघत मांस कापत राहिले. 

परतीच्या वाटेवर श्रीरंग खुशीत होते. "छान जोक मारलास तू," ते म्हणाले. "लोकांना आवडलं. अशी जरा मिसळत जा."

सुनेत्राने खिडकीची काच खाली केली. श्रीरंग म्हणाले, एसी चालू आहे. तिने ती परत वर केली.