वाकड्या बुडाची फुलदाणी

मामाच्या हातात काचेचं काहीही दिलं की तो आधी ते उलटं करून त्याचं बूड बघतो. बरणी असो, दिवा असो, परक्याच्या घरचा पेला असो. एकदा पेल्यात सरबत आहे हे विसरला आणि नव्या व्याह्यांच्या गालिच्यावर ओतलं. मामी म्हणते, "मी काचेची नव्हते म्हणून वाचले."

उभा जन्म त्याने चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत भिंगं घासण्यात घालवला. त्यातून डावखुरा. त्याच्यासाठी चाक मुद्दाम उलट्या बाजूला बसवलं होतं. त्याच्या जागेवर दुसरं कुणी बसलं की भिंग एका कडेला जास्त झिजायचं, आणि तो दुसऱ्याच्या चाकावर बसला की नेमकं विरुद्ध कडेला. हे तो अभिमानाने सांगतो, का कोण जाणे.

तर अशा या काचेतल्या माणसाला आजीच्या दोन फुलदाण्यांनी पार भंडावून सोडलं.

दोन्ही निळ्या, दोन्ही वीतभर उंच, दोन्हींच्या तोंडाला सारखीच झालर. एक आजीने लग्नानंतर माहेराहून आणलेली, तिच्या आईची. दुसरी आजोबांनी पुढे बऱ्याच वर्षांनी कुठूनशी शोधून आणली, जोडी हवी म्हणून. धूळ पुसता पुसता जागा बदलत गेल्या, आणि कुठली कुठली हे फक्त आजीला ठाऊक राहिलं. विचारलं की म्हणायची, "दोन्ही माझ्याच." गेली तीही ते गुपित घेऊनच. आता काय बोलायचं?

आई तिचं घर मोडून माझ्याकडे राहायला येणार होती. माझं घर एवढंसं, तिच्या वाट्याला एक खोली आणि एक फळी. सगळं सामान वाटून टाकताना तिने मामाकडे एकच गोष्ट मागितली. "दादा, दोघांतली एक मी नेणार. पण मला आईची दे. बाबांनी आणलेली तू ठेव. घर सुटतंय, एक वस्तू तरी तिच्या माहेरची असू दे."

मामा म्हणाला, "हात्तिच्या, आत्ता सांगतो." आणि तिथेच फसला.

डोळ्याला भिंग लावून तो दोन्हींसमोर बसला. बुडं उलटून बघितली, एक खरबरीत, एक गुळगुळीत, पण त्याचा अर्थ लागेना. आतले बुडबुडे बघितले, तर ते दोन्हींत. साच्यातून काढलेल्या काचेला अंगावर बारीक शिवण असते म्हणे, ती एकीलाही नाही. म्हणजे दोन्ही तोंडाने फुंकून केलेल्या. मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं. सकाळी डावी जड भरली, संध्याकाळी उजवी. मामाने डोकं धरलं. शेवटी कळलं की मामीने दुपारी एक धुऊन ठेवली होती आणि आत पाणी राहिलं होतं. मी म्हटलं, "मामा, नाणं उडवायचं का?" तो माझ्याशी दोन दिवस बोलला नाही.

मग मीच त्याला जुन्या काचसामानाच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने फुलदाण्या हातात घेतल्या आणि सरळ उलट्या केल्या. मामाला माणूस तिथेच आवडला.

"फुंकलेली काच शेवटी बुडाला सळई चिकटवून धरतात," दुकानदार म्हणाला. "सळई तोडली की तिथे व्रण राहतो. साध्या कामात तो तसाच सोडून द्यायचे. हा बघा." एकीच्या बुडाला खरंच बोटाला टोचेल असा खरबरीत ठिपका होता. दुसरीचं बूड गुळगुळीत. "ही खरबरीत जुनी वाटते. दुसरी मात्र कुणीतरी मागाहून घासली आहे. खूणच पुसून टाकली, आता हिचं वय काय सांगणार?"

झालं. मामाचं डोकंच फिरलं. "गाढव आहे कुणीतरी," तो म्हणाला. "नुसतं घासलं नाही, वाकडं घासलंय. एका कडेला सगळा दाब. डुगडुगतेय बघा. येत नाही तर चाकाला हात कशाला लावावा माणसाने?" घरी पोचेपर्यंत तो त्या अनोळखी गाढवाचा उद्धार करत होता.

आई वाट बघत बसली होती. मामाने खरबरीत फुलदाणी तिच्या पुढ्यात ठेवली. "घे. ही आईची."

आईने ती उलटी केली, बुडावरून बोट फिरवलं आणि तिचे डोळे भरून आले. "हीच," ती म्हणाली. "अजून चावते." तिने बोटाचं टोक पुढे केलं. त्यावर पांढरी बारीक रेघ आहे, मी लहानपणापासून बघत आलेय. "धुताना हिच्याच बुडाने कापलं होतं. तू नुकता दुकानात लागला होतास, आठवतं? मी गप्प, आणि रक्त बघून तूच रडत होतास."

मला हायसं वाटलं. सुटलं एकदाचं. पण मामा हलेना. त्या बोटाकडे बघतच राहिला. मग त्याने गुळगुळीत फुलदाणी उचलली, भिंग धरतो तशी डाव्या हातात धरली आणि बुडावर अंगठा टेकवला. अंगठा बरोबर त्या जास्त झिजलेल्या कडेवर बसला.

"अगं," तो म्हणाला, "तो गाढव मीच."

"कुठला गाढव?" आईने विचारलं.

"दुसऱ्या दिवशी पिशवीत घालून दुकानात नेली होती. मालक जेवायला गेल्यावर त्यांच्या चाकावर घासली. तुला परत कापू नये म्हणून. पार विसरलो होतो मी."

"मग ही?" आईच्या हातात अजून ती खरबरीत होती.

"ती तेव्हा घरात आलीच नव्हती."

"पण दुकानदार तर म्हणाला ही जुनी," मी मध्येच बोलले.

"असेल जुनी. आईची नाही."

आईने हातातली खाली ठेवली आणि दुसरी घेतली. तिचं बोट बुडावर कितीतरी वेळ फिरत होतं. टोचणारं काहीच सापडत नव्हतं.

"वाकडी घासलीस रे, दादा," ती म्हणाली.

"दिसत नव्हतं गं नीट," मामा म्हणाला. "रडू थांबलं नव्हतं."

आता ती माझ्या फळीवर डुगडुगते. खाली कागदाची घडी घालू म्हटलं, तर आई घालू देत नाही.