दगड लागला?

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला सांगितली नाही. शाळेतल्या सहकाऱ्यांना तर नाहीच. निवृत्तीच्या समारंभात मला आठवणी सांगायला उभं केलं, तेव्हाही मी सहलींच्या गमती सांगितल्या आणि ही एक सहल शिताफीने गाळली. आता वय झालंय. अजून टाळलं तर राहूनच जाईल.

‘दगड लागला?’ हे आमच्या गल्लीतल्या एका माणसाचं वाक्य. दिवसातून किती वेळा, याचा हिशेब मी ठेवला नाही, पण रविवार उगवला की माझ्या कानात ते आधीच वाजायला लागायचं.

त्यांच्याकडे एक जुनी उघडी जीप होती. सैन्याने काढून टाकलेली. वर टप नाही, बाजूला दारं नाहीत, मागे दोन लाकडी बाकडी. हँडब्रेक नावापुरता. चढावर गाडी उभी करायची तर ते पायाने ब्रेक दाबून बसायचे आणि पुढे डावीकडे बसलेल्याने उतरून मागच्या चाकाखाली दगड लावायचा. मग ते विचारायचे, “दगड लागला?” उतरलेल्याने ओरडून सांगायचं, “लागला!” तोवर त्यांचा पाय ब्रेकवरून हलत नसे. दगडही ठरलेला होता. काळा, पाच बाजूंचा, वरवंट्याहून जरा जाड. माझ्या पायाशी गोणपाटात ठेवलेला असायचा. वाटेतला दुसरा कुठलाही दगड त्यांना चालत नसे.

डावीकडची जागा कायम माझी. कारण काय, तर मी भूगोलाचा मास्तर.

मी तेव्हा अंधेरीच्या एका मराठी शाळेत आठवी-नववीला शिकवायचो. शाळेच्या फाटकासमोर त्यांची जीप उभी असायची. आठवडाभर त्या जीपमधून वर्सोव्याला बर्फाच्या लाद्या जायच्या आणि येताना सुकटीचा वास यायचा. तो वास रविवारी माझ्या शर्टाला लागायचा. तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल, जो एकाच गोष्टीचा ध्यास घेऊन बसलाय आणि तुम्ही दिसलात की ती गोष्ट तुमच्या गळ्यात घालतो. आमच्या गल्लीतले ते.

ते मूळ मालवणकडचे, बिऱ्हाड अंधेरीत. तरुणपणी जहाजावर खलाशी होते. एकदा जहाज कुठल्याशा ज्वालामुखीच्या बेटाला लागलं. तिथल्या एका माणसाने त्यांना उघड्या गाडीतून दिवसभर बेट हिंडवलं. काळी वाळू दाखवली, धुमसणारा डोंगर दाखवला, आणि चढावर गाडी थांबवून चाकाखाली काळा दगड ठेवला. त्या दगडाकडे बघता बघता यांच्या डोक्यात उजेड पडला, की हा तर आमच्या अंधेरीचा दगड! त्या बेटाचं नाव मी विचारलं तर म्हणाले, “नाव कित्याक व्हया? बेट ता बेट.”

परत आल्यावर त्यांनी जीप घेतली आणि आम्हा सगळ्यांना बजावायला सुरुवात केली की तुम्ही बेटावर राहता.

“बेट आसा ह्यां, मास्तर, बेट! ज्वालामुखीचा!”

“अहो, साष्टी बेट आहे हे मलाही माहीत आहे. मी शिकवतो ते.”

“शिकवतात. पण तुमका वाटता काय तसा?”

मी वरकरणी त्यांना अहो-जाहो करायचो. मनात मात्र अरे-तुरे चालू असायचं.

एकदा मी वर्गात फळ्यावर ज्वालामुखीचा उभा छेद काढत होतो. दारातून आवाज आला, “मास्तर, रंग चुकलो.” हे उभे, हातात तो पाच बाजूंचा दगड. मुलं खदखदा हसली. त्यांनी दगड पहिल्या बाकावर ठेवला आणि मुलांना सांगितलं, “हो बघा. हो एके काळी पाण्यासारखो पातळ होतो. हात लावा.” पुढचा अर्धा तास मुलं रांगेने दगडाला हात लावत होती आणि माझा छेद फळ्यावर तसाच अर्धवट. शिवाय जाताना म्हणतात, “ज्वालामुखी झोपलो आसा हां, मेलो नाय.” मी म्हटलं, “मेला हो, कोट्यवधी वर्षांपूर्वी मेला.” तर म्हणाले, “तुमी बघलात?”

रविवारी त्यांची ‘बेटाची फेरी’. चारी बाजूंचं पाणी दाखवल्याशिवाय ती पुरी होत नसे. पश्चिमेला वर्सोव्याचा समुद्र, उत्तरेला घोडबंदरची खाडी, पूर्वेला भांडुपची मिठागरं आणि शेवटी दक्षिणेला माहीमची खाडी. डोक्यावर ऊन, तोंडात ट्रकची धूळ, खाली स्प्रिंग नसलेली सीट. प्रत्येक ठिकाणी उतरून पाण्यात बोट बुडवायचं आणि चाखायचं. “खारट ना? मगे! चारी बाजूंनी खारट ता बेट.” माहीमला मात्र त्या पाण्याचा रंग बघून ते स्वतःच मागे सरले. म्हणाले, “ह्यां डोळ्यांनी चाखा.”

गल्लीतली माणसं त्यांना चिडवायची. “काय बेटवाले, पाणी चढलं काय?” ते हसायचे आणि उत्तर द्यायचे, “चढला की तुका आधी उठवीन.”

आता त्यांच्या मनात काय होतं ते सांगतो. त्यांना आमच्या आठवीच्या मुलांना बेट दाखवायचं होतं. दरवर्षी, प्रत्येक तुकडीला. त्यासाठी ते माझ्या मागे वर्षभर लागले होते. मी वैतागून एकदा विचारलं, “तुम्हाला काय मिळणार त्यातून?”

ते म्हणाले, “पोरांका वाटता, आपण गटाराच्या कडेक रवतो. मुंबय ती पलीकडे, माहीमच्या पुढे. आपण नुसते उपनगरवाले. एकदा चारी बाजूचा पाणी चाखला ना, मान वर करून चालतीत.”

खरं तर इतकी वर्षं भूगोल शिकवूनही मला हे सुचलं नव्हतं, याचाच राग आला होता.

शेवटी मी मुख्याध्यापिकाबाईंशी बोललो. बाई कडक, पण न्यायी. म्हणाल्या, “आधी मी स्वतः बसून बघते. मला सुरक्षित वाटलं तर मुलं पाठवू.” मी हे सांगितलं तेव्हा त्या माणसाने जीप दोनदा धुतली. सुकटीचा वास जावा म्हणून बाकड्यांना लिंबू चोळलं. वास गेला नाही. लिंबाचा आणि सुकटीचा असा एक तिसराच वास तयार झाला.

तो रविवार मला मिनिटामिनिटाने आठवतो. बाई मागच्या बाकड्यावर, मी माझ्या नेहमीच्या जागी, खांद्याला माझी पिशवी, मांडीवर बाईंची पर्स आणि छत्री. वर्सोव्याला बाईंनी चक्क बोट बुडवून पाणी चाखलं. बेटवाल्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही त्यांचं लग्न ठरलं होतं. परत येताना त्यांना अंधेरीतली ती उभ्या खांबांची काळी टेकडी दाखवायची होती, जिच्या माथ्यावर देवीचं देऊळ आहे. वाटेत ते चार ठिकाणी थांबले होते आणि चारही वेळा मी उतरून दगड लावला होता. हात काळे झालेले, पाठ भरून आलेली.

टेकडीच्या पायथ्याकडे एक गल्ली चढत जाते. खालच्या टोकाला सार्वजनिक नळ होता आणि नळावर बायकांची रांग. जीप चढावर थांबली. बाई मागून पदर सावरत उतरल्या आणि टेकडीकडे बघत पुढे चालू लागल्या.

“मास्तर, दगड लागला?”

मी उतरलोच नव्हतो. हा डोंगर मी शंभरदा बघितला होता. मांडीवर पर्स, छत्री, वर रणरणतं ऊन. वाटलं, दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे, जरासाच चढ आहे, काय बिघडतंय!

“लागला हो, लागला!” मी बाहेरच्या बाजूला तोंड करून म्हणालो.

त्यांची नजर पुढे चाललेल्या बाईंवर होती, त्यांनी मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. माझा शब्द पुरे होता. ब्रेकवरून पाय काढला, उडी मारली आणि बाईंच्या मागे धावले. “बाई, हे खांब बघा, पाच पाच बाजूंचे...”

जीप आधी नुसती कुरकुरली. मग मागे सरकायला लागली. मला गाडी चालवता येत नव्हती. मी समोरची दांडी धरून बसून राहिलो, तोंडातून आवाजही फुटला नाही. खाली नळावरच्या बायका ओरडल्या, तेव्हा त्यांनी वळून पाहिलं. पन्नाशीचा माणूस त्या उतारावर कसा धावला ते मला अजून कळत नाही. गाडीच्या मागे पोचले, गटाराच्या कडेचा एक दगड उचलला आणि हाताने चाकाखाली सारला. जीप थांबली. नळ दहा पावलांवर होता. त्यांचा डावा हात दगड आणि चाक यांच्यामध्ये होता.

बायकांनी त्यांनाच धारेवर धरलं. “मेल्या, गाडी चालवतोस की खेळ करतोस? पोरंबाळं उभी आहेत इथे!” ते हाताला टॉवेल गुंडाळून खाली बसले होते. टॉवेल लाल होत होता. बाई धावत आल्या. “अहो, दगड नव्हता लावला?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोवर उतरलो होतो आणि गोणपाटातला तो काळा दगड माझ्या खांद्यावरच्या पिशवीत गेला होता. कसा, ते विचारू नका. माणसाचा हात अशा वेळी फार चपळ होतो.

“गाडी माझी, बाई,” ते म्हणाले. “बिरेक माझो. चूक माझी.”

आणि मी गप्प बसलो. गाडी गेली, इस्पितळ झालं, त्यांची दोन बोटं गेली, मी गप्पच होतो. दुसऱ्या दिवशी बाईंनी मला झाल्या प्रकाराचा अहवाल लिहायला सांगितला. मी लिहिलं, ‘चालकाने वाहन उभे करताना चाकास अडसर लावण्याची दक्षता घेतली नाही. सबब विद्यार्थ्यांस या वाहनातून नेणे उचित होणार नाही.’ वाक्यं शुद्ध होती. बाईंनी एकही चूक काढली नाही.

डावा हात म्हणजे गिअरचा हात. त्यांना पुन्हा जीप चालवता आली नाही. गोरेगावच्या स्टुडिओतल्या कुणीतरी ती नेली आणि हिरवी रंगवून युद्धाच्या सिनेमात वापरली म्हणे. पुढे कितीतरी वर्षं पडद्यावर उघडी जीप दिसली की मी चाकाखाली बघायचो. ते भांडुपला मुलीकडे राहायला गेले. जाताना शाळेत मला भेटायला आले होते. मी शिपायाला सांगितलं, तास चालू आहे. तास चालू नव्हता.

तीनेक वर्षांनी मी भांडुपला गेलो. चाळीच्या गॅलरीत ते बसले होते, समोर लांबवर मिठागरं चकाकत होती. मला बघून उठलेच. “अगे, मास्तर इले! चाय ठेव.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “पूर्वेचा पाणी माझ्या वाट्याक इला बघा.” डावा हात त्यांनी पंच्याखाली घेतला, मला दिसू नये म्हणून.

मी कबुलीचं वाक्य पाठ करून आलो होतो. चहा आला, चहा संपला. ते एकटेच बोलत होते. मग त्यांनी विचारलं, “मगे, पोरांका नेलात काय? दुसरी गाडी करून?”

कुणी नेणार? माझ्याच अहवालाने दार बंद झालं होतं. पण त्यांचा चेहरा असा पुढे आला होता, की मी म्हणालो, “नेलं ना. आठवी ‘अ’ला नेलं.”

“चाखूक लावलात?”

“लावलं. चारी बाजूंचं.”

“माहीमचा?”

“ते डोळ्यांनी.”

ते इतके हसले की मुलगी आतून बाहेर आली. मीही हसलो. ‘लागला’ म्हणालो होतो त्याच तोंडाने.

निघताना ते जिन्यापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, “मास्तर, तो आपलो दगड तुमच्याकडे आसा ना? पिशवीत होतो.”

माझे पाय तिथेच थांबले. म्हणजे त्यांनी पाहिलं होतं. त्या दिवशी, गल्लीत, टॉवेल लाल होत असताना त्यांनी पाहिलं होतं.

“आहे,” मी म्हणालो. त्या दुपारी मी दिलेलं ते एकच खरं उत्तर.

“ऱ्हवांदे. वर्गात ठेवा. पोरांका हात लावूक बरो.”

आणखीही काहीतरी ऐकायला ते क्षणभर थांबले असावेत. मी ‘येतो’ म्हणालो आणि जिना उतरलो.

दगड मी वर्गात ठेवला नाही. घरी कपाटात, कपड्यांच्या मागे ठेवला. वर्षभराने एकदा धीर केला, तो पिशवीत घातला आणि पुन्हा भांडुपला गेलो. गॅलरीत दुसऱ्याच कुणाचे कपडे वाळत होते. शेजारीण म्हणाली, ते सगळे गावाला गेले आणि म्हातारबाबा तिकडेच वारले. “तुम्ही ते मास्तर का?” तिने विचारलं. “सांगायचे तुमच्याबद्दल. तुम्ही पोरांना बेट दाखवलंत म्हणून.” दगडासकट मी घरी आलो.

तो आत्ता माझ्यासमोर टेबलावर आहे. तुम्ही त्यांना ओळखत नव्हता, तरी तुमच्यासमोरच सांगतो, कारण ज्यांना सांगायचं ते आता नाहीत.

बेटवाले, तुम्ही विचारलंत, दगड लागला? नाही हो. नव्हता लागला. मी उतरलोच नव्हतो. उन्हात उतरायला नको म्हणून मी ‘लागला’ म्हणालो, आणि तुम्ही माझ्या शब्दावर पाय उचललात. चूक माझी होती. पोरांनाही मी कधी नेलं नाही. मला माफ करा.