अरबी कागदावरचं ‘एक्स्पायर्ड’

गेल्या मंगळवारी दुपारी गावी, करडीत, घरी एकटीच होते. धानाची रोवणी सुरू आहे, त्यामुळे दुपारी गावात कुणी नसतं. शेजारच्या शेवंताकाकूसुद्धा सकाळीच डबा घेऊन बांधीत रोवायला गेल्या होत्या.

माझा नवरा विनोद सौदीत वेल्डर आहे. मुलगी नागपूरला नर्सिंग करते, होस्टेलवर राहते. सासू-सासरे गेले. म्हणजे घरात मी आणि फोन...

भाषांतराचं ॲप मी रोज वापरते. विनोदच्या फोटोंमागे दुकानांच्या अरबी पाट्या असतात, त्या मी इंग्रजीत करून बघते. मराठी केलं की काहीतरीच येतं, म्हणून इंग्रजी. मग कळतं, ‘ताजी मासळी.’ ‘केशकर्तन.’ ‘इथे किल्ल्या बनवून मिळतील.’ तेवढंच त्याच्या गल्लीतून चालून आल्यासारखं वाटतं. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, हसतील म्हणून.

तर सोमवारपासून विनोदचा फोन बंद होता. मंगळवारी दुपारी त्याच्या खोलीत राहणाऱ्या इरफानचा मेसेज आला. “भाभी, विनोदभाई को पेट में दर्द था, अस्पताल ले गए. ये कागज मिला है.” खाली कागदाचा फोटो, सगळा अरबीत. मी लगेच फोन केला तर त्याचाही बंद. साईटवर जाताना गेटवर फोन जमा करावे लागतात, हे मला माहीत आहे. तरी पाच-सहा वेळा लावला.

मग ॲप उघडलं. फोटो हलका तिरपा होता, ओळी एकमेकींवर चढल्या होत्या. हॉस्पिटल... तारीख... विनोदचं नाव, चुकीच्या स्पेलिंगमध्ये. आणि नावाच्या बरोबर खाली एकच शब्द. Expired.

भंडाऱ्याला दवाखान्यात सासरे गेले, तेव्हा त्यांच्या कागदावर डॉक्टरांनी हाच शब्द लिहिला होता. आमच्याकडे माणूस गेला की इंग्रजीत असंच लिहितात. मला त्या शब्दाचा दुसरा अर्थ सुचलाच नाही.

दुसऱ्या ॲपमध्ये टाकून बघितलं. तिथेही तेच. तिसऱ्यात Ended आलं... ते तर जास्तच वाईट वाटलं.

मुलीला फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. तिची परीक्षा सुरू आहे. आणि फोनमधल्या एका शब्दावरून तिला काय सांगणार, तुझे बाबा गेले म्हणून? पुण्याला दीर आहेत, त्यांनी उचलला नाही. रडूसुद्धा आलं नाही. अंगणात जाऊन वाळत घातलेले कपडे काढले, घड्या घातल्या. विनोदचा एक जुना शर्ट मी घरात वापरते, त्याचीही घडी घातली.

मग आठवलं, तुमसरला रहमतचाचा आहेत. माझे ब्लाउज तेच शिवतात. तरुणपणी ते सौदीतच, जेद्दाहला शिंपीकाम करायचे, अरबी वाचतात. स्कूटी काढली. रस्ता कसा गेला ते विचारू नका... दोन्ही बाजूंना बायका वाकून रोवत होत्या, एवढंच आठवतं.

चाचा मशीनवर होते. माझ्याकडे पाहून पाय थांबवला त्यांनी.

“काहून वं बेटी? काय झालं? बस पहिले. पाणी पे.”

मी फोन पुढे केला. त्यांनी चष्मा पुसला, फोटो मोठा केला आणि उजवीकडून बोट फिरवत एकेक अक्षर लावू लागले. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. मी मशीनमध्ये अर्धवट शिवलेली बाही बघत राहिले.

“हे काय वाचलं तू?”

“एक्स्पायर्ड...”

“अवो, इकामा लिहून आहे इथं. इकामा! इकामा संपला बेटी. माणूस नाही संपला.”

इकामा म्हणजे तिथे राहायचा परवाना. हा एकच अरबी शब्द मला पाठ आहे, विनोदच्या तोंडी सतत असतो. ॲपने त्याचं Residence केलं आणि ते बाजूच्या रकान्यात जाऊन बसलं. मी समजले, पत्ता असेल. माझ्या ओळखीचा तेवढा एक शब्द भाषांतरात गेला.

माझा विश्वास बसत नाही हे चाचांनी ओळखलं. कागदाच्या तळाशी हाताने लिहिलेलं काहीतरी होतं, ते ॲपने वाचलंच नव्हतं. त्यावर बोट ठेवून म्हणाले, “हे पाय. दवाई लिहून आहे, दिवसातून दोन येळा. मेल्या माणसाले कोणी गोळ्या लिहून देते का वं?”

तेव्हा रडले. चाचांच्या दुकानात, गिऱ्हाईक उभं असताना. चाचा गिऱ्हाइकाला उद्या या म्हणाले.

संध्याकाळी विनोदचा फोन आला. मुतखडा निघाला. “इंजेक्शन देल्लं होतं, झोपून होतो ना. फोनची बॅटरी गेली.” इकाम्याचं विचारलं, तर कंपनीने अर्ज उशिरा केला, होऊन जाईल म्हणाला. मग म्हणाला, “तुहा आवाज काहून असा येऊन राहिला? सर्दी झाली का?”

मी म्हटलं, “हो, थोडीशी.”

तो फेसबुकवर नसतो, म्हणून इथे लिहिते आहे. रहमतचाचाही नसतात, पण आभार मानल्याशिवाय राहवत नाही. मंगळवारी दीड तास मी विधवा होते... आणि ते चाचांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.